नवरा म्हणतो, मी पण गोळ्या सोडल्या, आता ये

प्रश्न : ताई नमस्कार. मी निपाणीजवळच्या खेड्यातली, विड्या वळतो. लग्न करून कागलकडं दिलं होतं. दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसून पाठ धरायची, तर नवऱ्यानंच पहिली गोळी दिली, घे बरं वाटतंय म्हणून. तो आधीपासनं खायचा. मग एकाच्या चार कधी झाल्या कळलंच नाही, नाही घेतली की अंग मोडून यायचं, नाकातनं पाणी, जुलाब, झोप नाही. पट्टी कायम त्याच्या खिशात. माहेरी जातो म्हटलं की गोळी बंद, पाया पडलो की आधी मार आणि मग गोळी. दिवाळीच्या आधी आईकडं निघून आलो, भावानं सरकारी दवाखान्यात नेलं, औषध चालू आहे, आता गोळी नाही. तर आता त्याचा रोज फोन, मी पण सोडल्या, ये. आई म्हणते जा, माणूस सुधारला. भाऊ म्हणतो केस घाल. वहिनी म्हणते तू स्वतः गोळ्या खायचीस, तुझं कोण ऐकणार, उलट तुलाच आत टाकतील. आणि इकडच्या पोलिसांत विचारलं तर म्हणाले सासर महाराष्ट्रात आहे, तिकडं जावा. काय करू?
— एक बहीण, निपाणी तालुका

उत्तर : बहिणी, आधी वहिनीचं बघू, कारण तेच वाक्य तुला घरात बसवून ठेवतंय. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे ना, त्यात मार खाणाऱ्या बाईनं कधी नशा केलेली नसावी असं कुठंही लिहिलेलं नाही. गोळीचं नाव तू दिलं नाहीस, पण लक्षणं अफूच्या जातीच्या पेनकिलरची वाटतात. त्यातली ट्रॅमाडॉल २०१८ पासून नार्कोटिक्सच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, म्हणून वहिनीची भीती अगदीच हवेतली नाही. पण त्याच कायद्यात ६४ए कलम आहे, स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेलेल्या माणसावर सेवनासाठी किंवा थोड्याशा मालासाठी खटला चालवत नाहीत, फक्त उपचार मधेच सोडायचे नाहीत. म्हणून दवाखान्याचे सगळे केसपेपर एका पिशवीत घालून ठेव. आणि गोळी कोण द्यायचं, कधी बंद करायचं, हे वकिलाला लाजू नको, जसं मला लिहिलंस तसंच सांग. गोळी रोखून बाईला घरात डांबणं हा पण छळच आहे, मी तर म्हणेन हातानं मारण्याइतकाच.

आता "तिकडं जावा". हे आपल्या सीमाभागातल्या बायकांना इतक्या वेळा ऐकायला लागतं की राग येतो. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याच्या २७ व्या कलमात स्वच्छ लिहिलंय, बाई कायमची किंवा तात्पुरती जिथं राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडं अर्ज चालतो, आणि मिळालेली ऑर्डर सगळ्या भारतात लागू. म्हणजे तू आईकडं आहेस ना, मग निपाणीच्या कोर्टात अर्ज घाल, ऑर्डर कागलला पण चालणार. ती मोडली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. पोलिस चौकीपासनंच सुरुवात करायला पाहिजे असं पण नाही, कर्नाटकात सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी, हेच या कायद्याखाली बाईला मदत करणारे संरक्षण अधिकारी असतात, गावातल्या अंगणवाडीच्या बाईंना विचार, ऑफिस कुठंय ते त्या सांगतील. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नको, बाईमाणसाला सरकारी वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असू दे, १५१०० ला फोन कर. कागद बहुतेक कन्नडमध्येच होतील, तर सही करायच्या आधी एकेक ओळ मराठीत सांगायला लाव, घाई करतील, करू देत.

जायचं का नाही, हा खरा प्रश्न. तुझं पत्र मी परत वाचलं. तो म्हणतोय गोळ्या सोडल्या. मारायचं सोडलं असं म्हटलंय का कुठं? त्याबद्दल एक अक्षर नाही. आई दोन्ही एकच समजते, म्हणून तिला वाटतंय माणूस सुधारला. पण गोळी खाणारे सगळेच बायकोला मारत नाहीत, आणि नशा सुटली म्हणून हात आपोआप थांबतो असं पण नाही. तो खरंच सोडत असेल तर चांगलंय, कोल्हापूर जवळ आहे, तिथं उपचार घेऊ दे, तुझ्यावाचून घेऊ दे. तू आल्यावरच मी नीट राहीन म्हणत असेल तर ते उपचार नाहीत, नेहमीचंच बोलावणं आहे. माझं मत विचारशील तर जाऊ नको. आत्ता तर नकोच.

याला अजून एक कारण आहे, हे आईला पण वाचून दाखव. गोळी बंद होऊन थोडे दिवस गेले की शरीराची सवय मोडते. पूर्वी चार पचायच्या म्हणून आता एखाद्या वाईट रात्री एकदम चार घेतल्या तर श्वास थांबून माणूस जाऊ शकतो. सुटल्यानंतरच्या काळातच असे मृत्यू जास्त होतात. भांडण, मार आणि खिशात पट्टी असलेल्या घरात ती वाईट रात्र यायला कितीसा वेळ? पाठीचं दुखणं तर विड्या वळेपर्यंत असणारच, मधे मधे उठत जा, आणि कुठल्याही नव्या डॉक्टरला आधी सांग की मला या गोळ्यांची सवय लागली होती, म्हणजे तो तसली गोळी लिहिणार नाही. मेडिकलवाल्याला विचारून काही घेऊ नको. चालू औषध पण मनानं बंद करू नको, ते डॉक्टर हळूहळू कमी करतील. रात्री तलफ आली तर मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ ला बोल, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. व्यसनासाठी वेगळा १४४४६ आहे. तो दारात आला तर मात्र बोलत बसायचं नाही, सरळ ११२.

फोनचं राहिलं. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघ, अनोळखी काही दिसलं तर काढून टाक, मॅपवरचं लोकेशन शेअरिंग बंद कर. त्याचे मेसेज मात्र पुसू नको, धमकीचे तर अजिबात नको, ते कोर्टात लागतील. आणि आधारला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय? लग्नानंतर बऱ्याच जणींचा नवऱ्याचाच असतो, मग तुझे ओटीपी अजून कागलला जातायत. आधार सेंटरला जाऊन तो बदल, बँकेत पण बदल, आणि पत्ता आईकडचा करून घे. पत्ता कागलचाच राहिला तर दवाखान्यासाठी धारवाडला जायची वेळ आली की शक्ती योजनेचं, म्हणजे कर्नाटकात बायकांना सरकारी बसचं मिळतं ते फुकट तिकीट कंडक्टर देणार नाही, ते कर्नाटकच्या पत्त्यावरच मिळतं.