मनातला प्राणी मातीत घडवून सजवायचा आहे, सोलापूरच्या कोरड्या हवेत तडे न जाता कसा करू?

आधी प्राणी ठरवा, आणि ओळखीच्या दोघांची सांगड घाला: धड पोळ्याच्या बैलाचं, मान सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्ष्याची. मुलांना हे लगेच सुचतं, मोठ्यांनीच जरा धीर करावा.

शेतातली काळी माती नको, ती वाळताना फार आकसते आणि फाटते. शाडू घ्या, भिजवलेल्या कागदाचा थोडा लगदा घालून भरपूर मळा. पाय आखूड आणि जाड ठेवा. धड भरीव न ठेवता आतून कोरा, भिंत साधारण 1 सेंमी. शिंगं, कान जोडताना दोन्ही बाजू ओरखडून मधे पातळ शाडू लावा, नुसतं चिकटवलेलं वाळलं की गळून पडतं.

सजावटीची खरी मजा ओल्या मातीतच आहे. पाठीवर आपला सोलापुरी टॉवेल हलकेच दाबून उचला, सुंदर पोत उमटतो! मणी, ज्वारीचे दाणे दाबून झूल करा. दाणे नंतर काढून घ्या, खळ्याच छान दिसतात.

वाळवणं मात्र सावलीत, वर ओलसर फडकं टाकून, सावकाश. पूर्ण वाळल्यावरच पोस्टर रंग द्या. न भाजलेला शाडू पाण्यात विरघळतो, म्हणून अंगणात ठेवू नका.