ज्या प्रदेशांत गुलाम नव्हते, त्यांच्यावरून अमेरिकेत यादवी युद्ध का पेटले?

आपला प्रश्न दोन भागांचा आहे. १८६० साली अमेरिकेच्या पश्चिमेकडील प्रदेशांत, म्हणजे राज्याचा दर्जा अद्याप न मिळालेल्या, केंद्राच्या ताब्यातील भागांत, गुलाम जवळजवळ नव्हतेच, मग तेथील गुलामगिरीवरून उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्ये एकमेकांच्या जिवावर का उठली, हा पहिला भाग. आणि त्याअर्थी ‘राज्यांचे हक्क’, म्हणजे राज्यांच्या कारभारात केंद्राने ढवळाढवळ करू नये हे तत्त्व, हेच युद्धाचे खरे कारण व गुलामगिरी केवळ निमित्त, असे मानावे काय, हा दुसरा. मी बरीच वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला, पण यातील पहिला भाग इतक्या नेमकेपणाने विचारणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला. आपले निरीक्षण खरे आहे. १८६०च्या जनगणनेत युटामध्ये २९, नेब्रास्कात १५ आणि ज्या कान्ससमध्ये सहा वर्षे मारामाऱ्या चालल्या होत्या तिथे अवघे २ गुलाम नोंदले गेले. त्याच जनगणनेनुसार साऱ्या देशात गुलामांची संख्या सुमारे साडेएकोणचाळीस लाख होती. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. त्या प्रदेशांत आज कोण राहतो याला भांडणाऱ्यांच्या लेखी फारसे महत्त्व नव्हते. उद्या तिथे कोणत्या प्रकारची राज्ये उभी राहणार, याचा तो झगडा होता.

याची सुरुवात कापसापासून करावी लागते. १७९३ साली एलाय व्हिटनीचे सरकी काढण्याचे यंत्र आले आणि आखूड धाग्याचा जो कापूस तोवर साफ करणे परवडत नसे, तो दक्षिणेचे मुख्य पीक बनला. त्यासाठी जॉर्जियापासून मिसिसिपी नदीपर्यंतची काळी जमीन हवी होती, आणि १८३०च्या कायद्यानंतर चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ, चिकसॉ या तेथील मूळ रहिवाशांना नदीपलीकडे हाकलून ती मोकळी करण्यात आली. इकडे व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये तंबाखूने जमिनी निकस झाल्या होत्या. तेथील मालकांजवळ विकण्यासारखी राहिली होती ती माणसे. युद्धापूर्वीच्या काही दशकांत सुमारे दहा लाख गुलाम जुन्या राज्यांतून या नव्या कापूसपट्ट्यात नेले गेले आणि त्यांतील मोठा भाग बाजारात विकला गेलेला होता. म्हणजे ज्या मळेवाल्याने जन्मात कान्सस पाहिले नव्हते, त्याच्याही मालमत्तेचा भाव पश्चिमेकडे नवी जमीन खुली होते की नाही यावर अवलंबून होता. १८६०च्या सुमारास अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. (हा कापूस थांबताच लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानाकडे वळल्या, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ साली युद्ध संपताच तेथील बँका व कंपन्या कोसळल्या, हे आपल्याकडील वाचकांना ठाऊक असेलच.)

दुसरी गोष्ट सिनेटची, म्हणजे काँग्रेस या अमेरिकेच्या संसदेतील वरिष्ठ सभागृहाची. प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येप्रमाणे ठरत, आणि गुलामांना मताचा अधिकार नसूनही त्यांच्या संख्येचा तीनपंचमांश भाग मोजण्याची सवलत घटनेने दिलेली असतानाही दक्षिणेला तिथे बहुमत टिकवता येईना. सिनेटमध्ये मात्र राज्य लहान असो वा मोठे, त्याला दोनच जागा. त्यामुळे गुलामी राज्ये आणि मुक्त राज्ये यांची संख्या सारखी आहे तोवर दक्षिणेला न रुचणारा कायदा तिथे अडवता येत होता. प्रत्येक नवे राज्य हे या तराजूत पडणारे वजन होते. १८०३ साली फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना घेतलेल्या लुइझियानाच्या विशाल प्रदेशातून मिझुरी हे गुलामी राज्य म्हणून आत येऊ लागले, तेव्हा तराजू प्रथमच जोरात हलला. १८२०च्या तडजोडीने मिझुरीबरोबर मेन हे मुक्त राज्य घेतले गेले आणि लुइझियानाच्या उरलेल्या भागात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी झाली. वृद्ध माजी अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनी त्या एप्रिलमध्ये एका पत्रात लिहिले, की रात्री वाजलेल्या आगीच्या घंटेसारखे या प्रश्नाने आपल्याला दचकून जागे केले. ते स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते, हेही त्यासोबत लक्षात ठेवावे.

त्या रेषेने पंचवीसएक वर्षे कसेबसे भागले. ते मोडले टेक्सास आणि मेक्सिकोच्या युद्धाने, आणि माझ्या मते यादवीकडे जाणारा उतार इथूनच सुरू होतो. मेक्सिकोने १८२९ साली गुलामगिरी रद्द केली होती. टेक्सासमध्ये वसलेल्या अमेरिकनांनी १८३६ साली मेक्सिकोपासून फुटून जे प्रजासत्ताक उभारले, त्यात ती कायदेशीर ठरली. १८४५ साली अमेरिकेने टेक्सास सामावून घेतले आणि पुढच्याच वर्षी अध्यक्ष जेम्स पोक यांनी न्युएसेस व रिओ ग्रांदे या दोन नद्यांमधील वादग्रस्त पट्ट्यात सैन्य पाठवून युद्ध ओढवून घेतले. अमेरिकन रक्त नेमके कोणत्या जागी सांडले ते दाखवा, असा खोचक ठराव इलिनॉयच्या एका नवख्या प्रतिनिधीने मांडला. त्याचे नाव अब्राहम लिंकन. फेब्रुवारी १८४८च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा सुमारे सव्वापाच लाख चौरस मैलांचा मुलूख अमेरिकेला मिळाला. या मुलखात, मेक्सिकोच्या कायद्यामुळे, गुलामगिरी नव्हती. आता ती तिथे न्यायची काय?

हा प्रश्न तहाची वाट पाहत थांबला नव्हता. युद्ध ऐन भरात असताना, ऑगस्ट १८४६मध्ये, पेनसिल्व्हेनियाचे डेव्हिड विल्मट यांनी मेक्सिकोकडून मिळणाऱ्या कोणत्याही भूमीत गुलामगिरी असू नये, अशी उपसूचना मांडली. ती प्रतिनिधिगृहात संमत झाली आणि सिनेटमध्ये अडकली. महत्त्वाचे हे, की मते पक्षांप्रमाणे न पडता प्रांतांप्रमाणे पडली: उत्तरेचे डेमोक्रॅट व व्हिग या दोन्ही मोठ्या पक्षांचे लोक एका बाजूला, दक्षिणेचे दुसऱ्या. विल्मट स्वतः पोकांच्याच पक्षाचे होते आणि गुलामांविषयीच्या कळवळ्याने आपण हे करत नाही, असे त्यांनी उघड सांगितले. गोऱ्या कष्टकऱ्याला गुलामांच्या शेजारी राबावे लागू नये, अशी भूमी त्यांना राखून ठेवायची होती. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, त्यामुळे आपल्याकडे कधीकधी सारी उत्तर करुणेने पेटून उठली होती, असे चित्र मनात उभे राहते. फ्रेडरिक डग्लस, विल्यम लॉइड गॅरिसन यांच्यासारखी ती माणसे खरी होती आणि जोतीरावांचा आदर योग्यच होता, परंतु उत्तरेत ती अल्पसंख्य होती. बहुसंख्य उत्तरेकडील मतदाराला दक्षिणेतील गुलाम सोडवायचा नव्हता. त्याला पश्चिमेची जमीन हवी होती.

१८५० साली मुक्त व गुलामी राज्ये पंधरा-पंधरा होती. सोन्याच्या ओढीने भरून गेलेल्या कॅलिफोर्नियाने मुक्त राज्य म्हणून प्रवेश मागितला आणि समतोल कायमचा गेला. त्याच्या मोबदल्यात दक्षिणेने जे घेतले, त्यात आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आहे. १८५०च्या फरारी गुलाम कायद्याने पळून आलेल्या माणसाला पकडून देण्याची सक्ती उत्तरेतील नागरिकांवर केली, त्याला ज्यूरी नाकारली, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची मुभा नाकारली आणि निवाडा करणाऱ्या आयुक्ताला गुलाम परत पाठवल्यास दहा डॉलर व सोडून दिल्यास पाच डॉलर असे शुल्क ठरवून दिले. केंद्राच्या हाती इतका कठोर अधिकार त्यापूर्वी क्वचितच दिला गेला असेल. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या अधिकाराचा हवाला देऊन हा कायदा घटनाबाह्य ठरवला, तेव्हा १८५९ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि दक्षिणेने समाधान मानले. राज्यांचे हक्क हे दक्षिणेचे तत्त्व असते, तर तिने विस्कॉन्सिनची पाठ थोपटायला हवी होती.

पुढील घटना वेगाने सांगतो, कारण त्या पाठ्यपुस्तकांत असतात. १८५४ साली इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांना शिकागोहून पश्चिमेकडे लोहमार्ग न्यायचा होता. त्यासाठी कान्सस व नेब्रास्का हे प्रदेश संघटित करताना दक्षिणेची मते मिळावीत म्हणून त्यांनी १८२०ची रेषा पुसून टाकली आणि निर्णय तेथील वसाहतकऱ्यांवर सोडला. लोकांनीच ठरवावे, यासारखे न्याय्य काय असू शकते? पण ‘लोक’ कोण, हेच ठरलेले नव्हते. मार्च १८५५च्या निवडणुकीत कान्ससमध्ये सुमारे २,९०० पात्र मतदार असताना सहा हजारांहून अधिक मते पडली. जास्तीची माणसे मिझुरीहून सीमा ओलांडून मतदानापुरती आली होती. दोन सरकारे, दोन राज्यघटना आणि मे १८५६मध्ये पॉटावाटमी ओढ्याकाठी गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राऊन याच्या टोळीने केलेले पाच खून, हे सारे त्यातूनच निघाले. व्हिग पक्ष संपला आणि गुलामगिरीचा विस्तार रोखणे या एका मुद्द्याभोवती रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाने आपल्या सुटकेसाठी लढवलेल्या खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी, काळा माणूस अमेरिकेचा नागरिक असू शकत नाही आणि काँग्रेसला कोणत्याही प्रदेशात गुलामगिरीवर बंदी घालता येत नाही, असा निवाडा दिला. ज्या एका गोष्टीसाठी रिपब्लिकन पक्ष जन्मला होता, तीच घटनाबाह्य ठरली. तरीही दक्षिणेचे समाधान झाले नाही. प्रदेशांत गुलामगिरीला केंद्राने कायद्याने संरक्षण द्यावे, ही तिची मागणी मान्य न झाल्याने १८६०च्या एप्रिलमध्ये चार्ल्सटन येथे डेमोक्रॅटिक पक्ष फुटला आणि चौरंगी लढतीत सुमारे चाळीस टक्के मतांवर रिपब्लिकन पक्षाचे लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आले.

युद्ध खरोखर कशावरून झाले हे मला अखेरच्या चार महिन्यांत सर्वांत स्वच्छ दिसते. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटले आणि फेब्रुवारीपर्यंत आणखी सहा राज्ये. मिसिसिपीने आपल्या घोषणापत्रात आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली असल्याचे स्वतःच लिहून ठेवले आहे. तडजोडीचे प्रस्ताव दोन होते. १८२०ची रेषा प्रशांत महासागरापर्यंत वाढवून तिच्या दक्षिणेस गुलामगिरीला कायमची हमी द्यावी, असे सिनेटर क्रिटेंडन यांचे म्हणणे होते. लिंकन यांनी आपल्या सहकाऱ्यांना पत्रे लिहून कळवले, की विस्ताराच्या प्रश्नावर तसूभरही मागे हटू नका. दुसरा प्रस्ताव ओहायोचे टॉमस कॉर्विन यांच्या नावाने ओळखला जातो: ज्या राज्यांत गुलामगिरी आहे, तिथे ती काँग्रेसला कधीही रद्द करता येणार नाही, अशी घटनादुरुस्ती. ही फेब्रुवारी १८६१च्या अखेरीस प्रतिनिधिगृहात आणि मार्चच्या सुरुवातीस सिनेटमध्ये दोनतृतीयांश मतांनी संमत झाली आणि लिंकन यांनी शपथविधीच्या भाषणात तिला आपली हरकत नसल्याचे सांगितले. म्हणजे असलेली गुलामगिरी अभंग ठेवायला ते तयार होते, नव्या भूमीतील एक एकर द्यायला नव्हते. फुटलेल्या राज्यांनाही नेमके उलट हवे होते. त्यांनी मार्चमध्येच केलेल्या घटनेत आपल्या संघाला पुढे मिळणाऱ्या प्रत्येक प्रदेशात गुलामगिरीला संरक्षण दिले आणि कोणत्याही घटक राज्यात गुलामांसह ये-जा करण्याचा हक्क नागरिकांना दिला. १२ एप्रिल रोजी चार्ल्सटनच्या बंदरातील, केंद्राच्या ताब्यातील सम्टर किल्ल्यावर त्यांच्या तोफा सुटल्या आणि युद्ध पेटले.

कॉर्विन यांची दुरुस्ती पुरेशा राज्यांनी मंजूर केली असती, तर तीच घटनेची तेरावी दुरुस्ती झाली असती. तो क्रमांक डिसेंबर १८६५मध्ये सर्व देशातून गुलामगिरी रद्द करणाऱ्या दुरुस्तीला मिळाला.