शिकवलं मी, कायम झाला तो

ताई, मी वाळपईची. वय 29, बी. कॉम. झालेली. सहा वर्षं कुंडईच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे, कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी चार दिवस ब्रेक देतात, मग नव्या कंत्राटदाराच्या नावाचं ओळखपत्र गळ्यात. टेबल तेच, काम तेच. पगार 16,640 रुपये, ओटी (ओव्हरटाइम) सिंगल रेटनं. गेल्या वर्षी एका मुलाला मी सगळं काम शिकवलं. जूनमध्ये तो कायम झाला आणि आता माझ्या हजेरीवर सही करतो. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या रात्री नऊपर्यंत थांबवून घेतलं. गणपतीवरची फळापानांची माटोळी आईनं एकटीनं बांधली. घरी आले की आईवरच ओरडते. राजीनामा तोंडावर फेकावासा वाटतो. बाबा म्हणतात, थांब, सरकारी नोकरीचं जमतंय. एका माणसानं पाच लाख सांगितलेत. बाबा काजूची बाग गहाण ठेवायला निघालेत. काय करू?
– कंटाळलेली, वाळपई

बाय, पत्र रागाचं आहे, पण मला भीती वाटली ती त्यातल्या शेवटच्या ओळींची. म्हणून आधी बागेचं.

बाबांना आजच सांग, पैसे द्यायचे नाहीत. 2024 च्या शेवटाला आपल्याकडे नोकरीसाठी पैसे उकळण्याची प्रकरणं एकामागोमाग बाहेर आली, अटका झाल्या, ते त्यांनीही वाचलं असेल. त्या लोकांचे पैसेही गेले आणि नोकऱ्याही मिळाल्या नाहीत. शिवाय 2018 पासून लाच देणाराही कायद्यानं गुन्हेगार ठरतो, म्हणजे फसलात तरी पोलिसांकडे कुठल्या तोंडानं जाणार? क गटाच्या भरतीसाठी आता गोवा कर्मचारी निवड आयोग आहे, कॉम्प्युटरवर परीक्षा होते. फॉर्म भर, अभ्यास कर, तू बी. कॉम. आहेस. पण 'आपला माणूस आत आहे' म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. (आपल्या गोव्यात सरकारी नोकरी म्हणजे मोक्षच, हे मला माहीत आहे. माझ्या आईनंही माझ्यासाठी कमी उंबरठे झिजवले नाहीत.)

आता तुझ्या रागाकडे येते. तू त्या मुलावर चिडली आहेस. साहजिक आहे, मीही चिडले असते. पण त्याला कायम केलं पात्रांवानं, म्हणजे मालकानं, आणि कायम-कंत्राटी पगारातली तफावत हा मुद्दा खासगी कंपनीत लढायला सोपा नाही, उगाच तुला आशेला लावत नाही. तुझं खरं दुखणं पत्रात तू तीन शब्दांत उरकलंस: 'ओटी सिंगल रेटनं.'

पेन घे. 16,640 ला 26 दिवसांनी भाग: रोजचे 640. आठ तासांनी भाग: तासाला 80. जादा कामाचा दर कायद्यानं दुप्पट, म्हणजे 160. तुला मिळतात 80. महिन्याला 40 तास ओटी धरली तर 3,200 रुपये कमी. दोन वर्षांचे झाले 76,800. एवढे तुझे पैसे त्यांच्या खिशात असताना बाबा बाग गहाण ठेवायला निघालेत!

कंत्राटदार बदलला म्हणून हक्क बुडत नाही. त्यानं मजुरी थकवली तर ती मूळ कंपनीनं भरायची असते. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात नेमणूकपत्र सक्तीचं आहे, पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत द्यायचा आहे आणि नोकरी सुटली तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत. थकबाकीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. म्हणजे वेळ आहे, पण बसून राहण्याएवढा नाही.

राजीनामा मात्र आत्ता नको. बाहेर पडलीस की हजेरीचा कागदही हाती लागणार नाही. हे मी भोगलंय. पणजीत एका खासगी कचेरीत मी चार वर्षं रजिस्टरवर एका आकड्यापुढे सही करत होते आणि पाकिटात दुसराच आकडा असायचा. ज्या दिवशी चिडून उठले त्या दिवशी माझ्याकडे एक चिठोरंही नव्हतं. कोणाला काय दाखवणार?

तू एक वही घाल. शिफ्टला कधी आत गेलीस, कधी बाहेर पडलीस, रोज दोन ओळी, कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या लिहून होतात. पगार खात्यात येतो ना, मग बँकेचं पासबुक भरून घे. सहा वर्षांतली सगळी ओळखपत्रं, जुनीसुद्धा, फोटो काढून ठेव. आणि 'उमंग' अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघड. तुझ्याकडून 1,800 कापत असतील तर दर महिन्याच्या ओळीत 1,800, 550 आणि 1,250 असे तीन आकडे दिसायला हवेत. पुढचे दोन मालकाचे, त्यातले 1,250 पेन्शनला जातात. तुझे कापले आणि ओळच नाही, तर ती चोरी आहे. कंत्राटदार बदलला की खातं नवं होतं, पण यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच हवा. दोन निघाले तर जोडून घे.

मग एक दिवस रजा काढ आणि पणजीला ये. कदंब स्टँडवरून पाटोवरचं श्रमशक्ती भवन चालत गाठता येतं, कामगार आयुक्तांचं कार्यालय तिथेच आहे. एकटी येऊ नकोस. तुझ्याच बसमधल्या, तुझ्यासारख्याच सिंगल ओटी घेणाऱ्या तिघी-चौघींना घेऊन ये. एकटीला 'ब्रेक' देणं सोपं असतं, अख्खी पॅकिंग लाइन थांबवणं त्यांना परवडत नाही.

आणि आईवर ओरडतेस त्याचं काय? तिला त्या रात्रीचं एकदा सांग, माटोळी बांधायला पोचले नाही म्हणून वाईट वाटलं होतं. एवढंच. तिला बहुतेक वाटत असेल की तुला घराची पर्वा उरली नाही.

पीएफच्या पासबुकात किती महिन्यांच्या ओळी निघाल्या, तेवढं मला कळव.