आईचे हरवलेले शब्द: साम्यवादोत्तर कलेवर प्रथमच लिहिणाऱ्यास

साम्यवादोत्तर पूर्व युरोपातील कलेवर तुम्ही लिहिणार असाल, तर ‘आघात’ आणि ‘अस्मिता’ हे शब्द सुरुवातीला बाजूला ठेवून एकाच कलाकृतीपाशी थांबा, असे मी आग्रहाने सांगेन. १९७४ साली अल्बेनियाची राजधानी तिरानात जन्मलेले कलावंत आन्री साला यांचा १९९८चा ‘इंटरव्हिस्टा’ हा लघुपट मला त्यासाठी सर्वांत योग्य वाटतो. घरात सापडलेल्या जुन्या चित्रफितीत त्यांची आई, तेव्हाची साम्यवादी युवा कार्यकर्ती, मुलाखत देताना दिसते, पण आवाज हरवलेला आहे. ओठांच्या हालचाली वाचणाऱ्या कर्णबधिर व्यक्तींच्या मदतीने मुलगा ते शब्द परत मिळवतो आणि आईसमोर ठेवतो, तेव्हा तिला स्वतःचीच वाक्ये परकी वाटतात. हा प्रसंग मला आजही अस्वस्थ करतो. तो पुन्हा पुन्हा पाहा, आईचा चेहरा पाहा, आणि मगच लिहायला बसा.

अल्बेनियाचा अनुभव मात्र पूर्व युरोपातील इतर देशांवर लादू नका. अल्बेनियाचे साम्यवादी हुकूमशहा एन्वर होजा यांच्या राजवटीने १९६७ साली धर्माचरणच बंद पाडले, तर पोलंडमध्ये चर्च हा विरोधकांचा आधार राहिला. कलाकाराला ‘बळी’ म्हणण्यापूर्वी त्याच्या घरातील कोण सत्तेच्या बाजूने उभे होते, हेही तपासा.