समुद्राच्या उथळ मंचावर (किनाऱ्यापासून आत पसरलेल्या सपाट तळावर) गाळाचे थर कसे साचतात आणि मध्येच पातळ का होतात?

थर पातळ आहे म्हणजे तिथं कमी काळ गाळ साचला, असं सहज वाटतं. भूशास्त्र शिकताना मीही तेच समजायचो. पण गाळ किती आला यापेक्षा त्याला राहायला जागा किती होती, हे जास्त महत्त्वाचं.

उथळ समुद्रात गाळ एका पातळीपर्यंतच चढतो. त्याच्या वर लाटा आणि भरती-ओहोटीचे प्रवाह त्याला टिकू देत नाहीत, ढकलून खोलात नेतात. मग वीस मीटर पाण्याखाली शेकडो मीटर जाडीचे थर कसे? तर तळ खचत राहतो किंवा समुद्राची पातळी चढते, आणि तेवढीच नवी जागा मिळते. जिथं तळ खचत नाही तिथं थर पातळच राहणार, मग कोट्यवधी वर्षं का जाईनात.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे मुंबई हाय. मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर, 1974 मध्ये तेल सापडलं ते. खाली जुन्या खडकाचा उंचवटा आहे. ईशान्येकडचा सुरतजवळचा खोलगट भाग भराभर खचला, तिथं गाळाची जाडी कितीतरी जास्त. उंचवट्याकडे येताना तेच थर बारीक होत जातात, खालचे काही तर मध्येच संपतात. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडकही इथं सलग नाही, मधूनमधून शेलचे (चिखल दबून झालेल्या खडकाचे) पातळ पट्टे आहेत. पाणी नितळ असताना शंख-शिंपले, शेवाळं यांचा चुना साचायचा. नदीचा चिखल पोचला की ते थांबायचं. पाणी उतरून चुनखडक उघडा पडला की पावसानं त्यात पोकळ्या पडायच्या (तेल बरंचसं तिथंच मुरलंय). त्या काळाचा थर मात्र तिथं मिळत नाही, फक्त झिजलेला पृष्ठभाग मिळतो.

शिवाय वरच्या वजनानं चिखल खूप दबतो, चुनखडक त्यामानानं कमी. म्हणून आज मोजलेली जाडी ही साचतानाची जाडी नव्हे.

आजही हे चालूच आहे. मुंबईसमोरचा मंच जवळपास 300 किलोमीटर रुंद. नर्मदा-तापीचा चिखल साधारण 50-60 मीटर खोलीच्या आतच राहतो. त्यापलीकडे तळावर हिमयुगाच्या शेवटी, समुद्र बराच खाली असताना साचलेली चुन्याची वाळू आहे. हजारो वर्षं झाली, तिच्यावर अजून धड चिखल बसलेला नाही.