सुपरमार्केटच्या पार्किंगवाल्या खासगी कंपनीला आपल्याला दंड करण्याचा अधिकार असावा का?

तुमचा प्रश्न असा, की सुपरमार्केटच्या आवारात वेळ थोडा जास्त झाला म्हणून एका खासगी कंपनीने तुम्हाला १०० पौंडांची नोटीस धाडली आहे, आणि असा अधिकार कंपनीला मुळात असावा का. माझं मत स्पष्ट आहे: नसावा. पण आज इथे नेमकं काय चालतं ते आधी सांगते. मी इंग्लंडपुरतं बोलते आहे, स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.

रस्त्यावर चुकीची गाडी लावली की कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, पाठवते ती पेनल्टी चार्ज नोटीस. खासगी कंपनी पाठवते ती पार्किंग चार्ज नोटीस. लघुरूप दोन्हींचं एकच, पीसीएन. नवीन आलेला माणूस इथेच घाबरतो, त्याला वाटतं सरकारी दंड आला. कौन्सिलच्या नोटिशीमागे कायदा असतो, कंपनीच्या नोटिशीमागे करार. आवाराच्या तोंडाशी खांबावर पाटी असते. तुम्ही गाडी लावलीत म्हणजे पाटीवरच्या अटी मान्य केल्यात, असं धरलं जातं. पैसे भरले नाहीत तर कंपनीला तुमच्यावर दिवाणी दावा लावावा लागतो. गुन्हा नोंदवला जात नाही, लायसन्सवर दंडाचे पॉइंट पडत नाहीत.

हे ऐकून बरं वाटतं, पण सरकारने या कराराला दोन मोठे टेकू दिलेत. एक म्हणजे डीव्हीएलए, इथलं आरटीओ म्हणा, गाडीच्या नंबरावरून मालकाचं नाव-पत्ता कंपनीला २.५० पौंडांत देतं. अशा चौकशा वर्षाला एक कोटीच्या वर जातात. दुसरा टेकू २०१२च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याचा. गाडी कोण चालवत होतं हे कंपनीला कळलं नाही, तरी अटी पाळून नोटीस पाठवली असेल तर ती नोंदणीकृत मालकाकडून (इंग्रजीत 'रजिस्टर्ड कीपर') पैसे मागू शकते. त्याच कायद्याने खासगी जागेत चाकाला जॅमर लावण्यावर १ ऑक्टोबर २०१२पासून बंदी आली, हे मात्र फार चांगलं झालं. त्याआधी गाडी सोडवून घ्यायची तर जागेवरच पैसे मोजावे लागत, तक्रार नंतर.

आता तो गाजलेला खटला, पार्किंगआय ही कंपनी विरुद्ध बेविस हा गाडीवाला. २०१३च्या एप्रिलमध्ये चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये (मोठ्या दुकानांचं संकुल, समोर सामायिक पार्किंग) दोन तास फुकट होते आणि गाडी ५६ मिनिटं जास्त थांबली. मागणी ८५ पौंडांची. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि नोव्हेंबर २०१५मध्ये कोर्टाने ६ विरुद्ध १ मतांनी कंपनीची बाजू उचलून धरली. जागा सतत मोकळी होत राहावी यात दुकानांचा रास्त हितसंबंध आहे, पाट्या ठळक होत्या, रक्कम अवाजवी नाही, असं कोर्टाचं म्हणणं. कायद्याच्या चौकटीत ते समजण्यासारखं आहे. मला खटकतो तो त्याच खटल्यात पुढे आलेला दुसरा तपशील. जागेच्या राखणीसाठी जागामालक कंपनीला पैसे देत नव्हता. कंपनीच मालकाला आठवड्याला १००० पौंड देत होती!

माझा विरोध इथून सुरू होतो. सगळे ग्राहक वेळेत आले, वेळेत गेले, तर त्या कंपनीला त्या आठवड्यात हजार पौंडांचा तोटा. नियम मोडले जाण्यावरच जिचं पोट आहे, ती पाटी मोठ्या अक्षरांत का लावेल? चुकलेली नोटीस आपणहून मागे का घेईल? आपल्याकडे म्हणतात तसं कुंपणच शेत खायला लागतं.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. सासू-सासरे साताऱ्याहून आमच्याकडे रेडिंगला आले होते. सकाळी रिटेल पार्कमध्ये जाऊन सासऱ्यांसाठी जाड कोट घेतला. घरी आल्यावर बाह्या लांब निघाल्या, म्हणून संध्याकाळी बदलायला पुन्हा गेलो. आठवड्याने पाकीट आलं. आत दोन फोटो. पहिल्यात सकाळचं ऊन, १०:१४. दुसऱ्यात दिवे लागलेले, मागची नंबरप्लेट पावसाने ओली, १७:४७. हिशोब: सलग ७ तास ३३ मिनिटं, मर्यादा ३ तासांची. मधे आमची गाडी बाहेर पडली आणि परत आत आली, ते कॅमेऱ्याने टिपलंच नव्हतं. सासऱ्यांनी चष्मा लावून दोन्ही फोटो नीट पाहिले आणि म्हणाले, "अगं, यांच्या कॅमेऱ्याला दिसलं नाही, तर चूक आपली कशी?"

मी कोटाच्या दोन्ही पावत्या पाठवल्या, दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला दवाखान्यात होतो त्याचं पत्र जोडलं. कंपनीने छापील उत्तर पाठवून अपील फेटाळलं. त्याच पत्रात लिहिलं होतं, १४ दिवसांत भरलेत तर ६० पौंडांत भागेल, अपिलाच्या पुढच्या पायरीवर गेलात तर पूर्ण १००. तो ६०चा आकडा माणसाला मोडतो. माझ्या दोन मैत्रिणींनी अशाच प्रसंगात चूक नसताना भरून टाकले. मी पुढे गेले, काही आठवड्यांनी नोटीस रद्द झाली. पण इंग्रजी लिहिता न येणाऱ्या, कागदपत्रांची सवय नसलेल्या माणसाने काय करायचं?

पुण्यात वाढले असल्यामुळे तुलना मनात येतेच. टोइंगच्या टेम्पोवर पोरं कंत्राटदाराची असतात, पण दंडाची पावती वाहतूक पोलिसाच्या हातची. पोलीस सोबत नसताना गाडी उचलली की लोक भांडायला उभे राहतात आणि बरोबर करतात. अर्थात गाडीमागे पैसे मिळतात म्हटल्यावर तिथेही पटकन उचलता येणाऱ्या दुचाकी आधी जातात आणि चौकात आडवी लावलेली मोठी गाडी जागच्या जागी राहते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. नगामागे कमाई आली की तेच होतं, देश कुठलाही असो.

जागामालकाची बाजू मला कळते. आम्ही पूर्वी स्टेशनजवळच्या इमारतीत राहायचो. आमच्या जागेत परक्या माणसाची गाडी, तो लंडनला कामावर, आणि मी कडेवर मूल, हातात पिशव्या घेऊन लांबून चालत येतेय. त्याला काहीच झळ बसू नये असं मी म्हणणार नाही. राखणीला कंपनी जरूर असू दे, पण तिला मालकाने ठरावीक मोबदला द्यावा. वसुलीची रक्कम कायद्याने ठरावी आणि कंपनीच्या खिशात जाऊ नये. कौन्सिलच्या दंडाविरुद्ध स्वतंत्र ट्रायब्युनल, म्हणजे न्यायाधिकरण, आहे. खासगी नोटिशीसाठी ज्या अपील यंत्रणा आहेत, त्या या धंद्याच्याच दोन संघटनांनी उभ्या केलेल्या आहेत. हे बदलायला हवं.

संसदेला हे पटलेलं नाही असं नाही. २०१९मध्ये खासगी पार्किंग कंपन्यांसाठी सरकारी आचारसंहितेचा कायदा सगळ्या पक्षांच्या पाठिंब्याने झाला. फेब्रुवारी २०२२मध्ये संहिता आली, लंडनबाहेर बहुतेक चुकांना ५० पौंडांची मर्यादा घालणारी. कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने ती मागे घेतली. २०२५च्या जुलैत पुन्हा लोकांची मतं मागवली. एवढी वर्षं गेली, आणि १०० पौंडांची कमाल मर्यादा आहे ती या संघटनांनीच स्वतःला घालून घेतलेली.

तुमच्या नोटिशीचं सांगायचं तर, तारीख आधी बघा. कॅमेऱ्यावरून टपालाने पाठवलेली नोटीस १४ दिवसांत पोहोचली नसेल, तर मालक म्हणून तुमच्यावर जबाबदारी टाकता येत नाही. मग कंपनीला फक्त चालवणाऱ्याकडेच पैसे मागता येतात, म्हणून उत्तरात गाडी कोण चालवत होतं ते आपणहून लिहू नका, "गाडीचा नोंदणीकृत मालक (रजिस्टर्ड कीपर) या नात्याने" एवढंच लिहा. पाटीचा फोटो काढून आणा, अंधार पडल्यावरचाही. अपील २८ दिवसांच्या आत करा. वसुली एजन्सीची पत्रं येतील, रकमेत ७० पौंड वाढवलेले असतील. त्यांच्याकडे कोर्टाचा अधिकार नसतो. पण काउंटी कोर्टाचा, म्हणजे इथल्या दिवाणी कोर्टाचा, क्लेम फॉर्म (दावा लावल्याचा कागद) आला तर तो एक दिवसही बाजूला ठेवू नका. उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो, आणि महिनाभरात पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं तुमच्या क्रेडिट रेकॉर्डवर राहतो. मग घराचं कर्ज मागायला गेलात की बँक तेच आधी बघते.