पेट्रिकिव्का शैलीचं भित्तिचित्र: पहिल्या भिंतीआधी

युक्रेनच्या नीप्रो भागातल्या पेट्रिकिव्का गावची ही फुलापानांच्या लोकचित्रांची शैली मुळात घरांच्या पांढऱ्या भिंतींवरचीच. 2013 साली ती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. मूळ भिंतींसारखीच पार्श्वभूमी पांढरी ठेवा आणि काळी बाह्यरेषा काढूच नका. इथे आकार कुंचल्याच्या फटकाऱ्यातूनच येतो.

नवं प्लॅस्टर किमान 4 आठवडे वाळू द्या. ओल राहिली तर क्षार फुलतात आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. मग प्रायमर, त्यावर बाहेरच्या भिंतीचा मॅट अ‍ॅक्रिलिक. पारा 10 अंशांखाली असेल तर काम थांबवा, रंगाचा थर नीट धरत नाही.

खरी मेहनत दुरंगी फटकाऱ्यावर घ्या. लांब केसांचा गोल कुंचला पिवळ्यात पूर्ण भिजवा, फक्त टोक लाल रंगात बुडवा, दाबून टेकवा आणि उचलत ओढा. पाकळी एका टोकाला लाल, दुसऱ्याला पिवळी उतरते. दर एक-दोन फटकाऱ्यांनी कुंचला धुवा, नाहीतर सगळंच मळकट नारिंगी होतं. रंग सायीइतका दाट हवा. पातळ झाला की उभ्या भिंतीवर ओघळतो. जुन्या कारागीर बाया मांजराच्या केसांचे कुंचले वापरत, पण खरखरीत भिंतीवर ते टिकणार नाहीत, सिंथेटिकच घ्या.

कलिना, म्हणजे युक्रेनचं लाडकं लाल फळांचं झुडूप, काढताना फळं बोटाने टेकवायची. पान मात्र तीन खंडांचंच हवं. साधं लांबट पान काढलंत तर युक्रेनी माणसाला ती कलिना वाटणारच नाही.